१९२७ची ऑक्सफर्ड-केंब्रिज मुलींची रोइंग शर्यत: दोन बोटी एकदम सुटल्याच नाहीत

नदीकाठची

मार्च-एप्रिल आला की ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसच्या क्लिपा फिरायला लागतात आणि आमच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, "मुलींची रेस हल्लीच सुरू झाली ना?" मुलांच्याच दिवशी, लंडनच्या त्याच थेम्सवर ती पहिल्यांदा झाली २०१५ साली, त्यामुळे तसा समज होतो. पण मुलींची पहिली गाठ पडली १५ मार्च १९२७ ला, ऑक्सफर्डमध्ये आयसिसवर. (आयसिस म्हणजे थेम्सच. ऑक्सफर्डातून वाहताना तिला ते नाव.) मुलांची रेस १८२९ ला हेन्लीत झाली होती, म्हणजे मधे जवळपास शंभर वर्षं गेली.

आता गंमत बघा. शर्यत म्हटल्यावर दोन बोटी शेजारी उभ्या, बंदूक उडाली, सुटल्या, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तसलं काही नव्हतं. दोन्ही संघांना एकाच वेळी पाण्यात उतरायची मुभाच नव्हती. अर्ध्या मैलाच्या टप्प्यावर आधी एक बोट, मग दुसरी. प्रवाहाबरोबर खाली येताना परीक्षक शैली बघणार: लय, स्थिरता, वल्ह्यांचा एकसारखेपणा. मग प्रवाहाविरुद्ध वर जाताना घड्याळ लावणार. मुली एकमेकींशी झुंजताना दिसणं शोभत नाही, हे त्यामागचं कारण. वल्हवा, पण चढाओढ दिसू देऊ नका. ऑक्सफर्ड १५ सेकंदांनी जिंकलं. अर्ध्या मैलात १५ सेकंद म्हणजे चिक्कार. शेजारी-शेजारी सुटल्या असत्या तर केंब्रिजची बोट कितीतरी मागे पडलेली दिसली असती.

तेवढ्यावरही लोकांचं समाधान नव्हतं. काठावरच्या वाटेवर मोठी आणि विरोधी गर्दी जमल्याचं 'टाइम्स'ने छापलं. एकेकट्याने जाणाऱ्या दोन बोटींना विरोध करायला लोक कामधंदा सोडून नदीवर आले होते!

त्याआधीचं थोडं. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात मुलींचा बोट क्लब निघाला १८९३ ला. ऑक्सफर्डचा मुलींचा विद्यापीठ-पातळीवरचा क्लब १९२६ चा. म्हणजे क्लब निघाल्यावर वर्षभरात त्यांनी केंब्रिजला आव्हान दिलं. केंब्रिजच्या नावाने उतरलेला संघ खरं तर एकट्या न्यूनमचा होता. गर्टन ह्या केंब्रिजच्या दुसऱ्या मुलींच्या कॉलेजातल्या मुली सामील होऊन केंब्रिजचा विद्यापीठ क्लब झाला तो १९४१ मध्ये. १९२७ नंतर शर्यत अधूनमधून व्हायची, कधी आयसिसवर, कधी केंब्रिजच्या कॅम नदीवर. दरवर्षी न चुकता व्हायला लागली १९६४ पासून. १९७७ ला ती हेन्लीला गेली, तिथे अंतर २००० मीटर.

माझं म्हणणं एवढंच आहे की "मुलींना खेळू दिलं की नाही" हा प्रश्न ढोबळ आहे. खेळू दिलं होतं. कशाला गुण द्यायचे, किती लांब जाऊ द्यायचं, कुठलं पाणी द्यायचं, हे दुसरे ठरवत होते. ह्या इतिहासातली सगळी भांडणं मला तरी ह्याच तीन गोष्टींभोवती फिरताना दिसतात. कोणाला आणखी माहिती असेल तर टाका. अमेरिकेचं मी मुद्दामच इथे घातलं नाही, तो वेगळाच पसारा आहे.

चिंचगूळ

झक्कास धागा! वाचनखूण साठवली. "एकेकट्याने जाणाऱ्या दोन बोटींना विरोध" वाचून फुटले.

आडवा फाटा

लेख चांगला आहे, पण थोडं उलटं बोलतो. शैलीला गुण दिले म्हणजे लगेच अन्याय का? जिम्नॅस्टिक्समध्ये देतात, डायव्हिंगमध्ये देतात. आणि एकामागून एक बोटी सोडून घड्याळावर निकाल लावणं ही आजही रुळलेली पद्धत आहे, 'हेड रेस' म्हणतात त्याला. १९२७ च्या लोकांना आजच्या चष्म्यातून बघायचं आणि मग नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

मुळाकाठ

@आडवा फाटा, कॉलेजात असताना वल्हवत होते, म्हणून तोंड उघडते.

हेड रेस आणि हे एक नाही. हेड रेसमध्ये ठरावीक अंतराने बोटी सुटतात, पण मागची बोट दिसत असते (वल्हवणारे उलटे बसतात), पुढची ऐकू येत असते. गाठायचं असतं, नाहीतर गाठू द्यायचं नसतं. इथे दुसरी बोट पाण्यात येऊच दिली नव्हती.

आणि शैलीबद्दल. रोइंगमध्ये शैली महत्त्वाचीच, कोण नाही म्हणतंय? आठ जणींची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत. ओढून झालं की मनगट वळवून पातं आडवं करायचं, म्हणजे परत येताना वारा लागत नाही आणि लाटेला घासत नाही. सीट खाली रुळांवर सरकते. परत येताना ती सावकाश आली पाहिजे. एकीने घाई केली तर आख्खी बोट मागच्या मागे खेचली जाते आणि वेग मेलाच. पातं जरा तिरकं शिरलं की पाणी ते धरून ठेवतं, दांडा उलटा येऊन छातीत बसतो. त्याला 'क्रॅब' म्हणतात. मला बसलाय. बोटीबाहेर फेकलं जाणं म्हणजे काय हे मग समजलं.

तर मुद्दा हा, की हे सगळं कशासाठी? बोट जोरात जावी म्हणून. घड्याळ लावलं की शैली आपोआप मोजली जाते. तिला वेगळे गुण द्यायची गरज तेव्हाच पडते, जेव्हा घड्याळाचा निकाल एकटा पुरेसा नाही असं आधीच ठरलेलं असतं. मुलांच्या रेसला कोणी लय आणि स्थिरता बघून विजेता ठरवला नाही. डायव्हिंगला गुण सगळ्यांनाच देतात हो, फक्त बायकांना नाही.

आडवा फाटा

शेवटचं वाक्य मान्य. बाकीवर विचार करतो.

मास्तरीण

ह्या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी, कारण तिच्याशिवाय १९२७ चं चित्र अर्धंच राहतं. केंब्रिजच्या ज्या मुली त्या दिवशी वल्हवत होत्या, त्या केंब्रिज विद्यापीठाच्या पूर्ण सदस्यच नव्हत्या!

ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. केंब्रिजने तसं केलं १९४८ मध्ये, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर. मधल्या काळात केंब्रिजच्या मुली अभ्यास करायच्या, त्याच परीक्षा द्यायच्या, कधीकधी मुलांपेक्षा वर यायच्या, आणि हातात पडायची ती नावापुरती पदवी. ऑक्टोबर १९२१ मध्ये पूर्ण सदस्यत्वाचा ठराव मतदानात पडला. आता ठराव पडला म्हणजे विरोधक खूश होऊन घरी जायला हवेत की नाही? पण नाही. जिंकलेल्या बाजूच्या पोरांचा घोळका न्यूनम कॉलेजवर चालून गेला आणि हातगाडीच्या धडका देऊन त्यांनी कॉलेजचं ब्राँझचं दार फोडलं. ते दार न्यूनमच्या पहिल्या प्राचार्या ॲन क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेलं होतं.

त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच न्यूनमचा संघ ऑक्सफर्डला जाऊन केंब्रिजच्या नावाने वल्हवतो. पदवी द्यायची नाही, पण विद्यापीठाची अब्रू मात्र तुम्ही राखा!

ऑक्सफर्डकडूनही फार गोड समजूत करून घेऊ नका. १९२७ मध्येच त्यांनी मुलींच्या एकूण संख्येवर मर्यादा घालणारा नियम केला. तो उठला १९५७ ला. काठावर गर्दी विरोधात जमली ह्याचं म्हणूनच मला आश्चर्य वाटत नाही. "ह्या फार झाल्या" ही भावना त्या वर्षी हवेतच होती.

अवांतर: ह्या गोष्टीला आपल्याकडचा धागा आहे. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजला गेल्या, तिथे कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री. १८९२ मध्ये परीक्षा दिली. पदवी हातात पडली ती १९२० चा नियम बदलल्यावर, म्हणजे तीसेक वर्षांनी. त्या वल्हवत होत्या का, असं कृपया विचारू नका, त्यांचा संबंध पदवीच्या भांडणापुरताच सांगतेय.

गोदाकाठ

नाशिकचं नाव निघालं आणि मी आलो. बाकी काही कळत नाही, पण कॉर्नेलियाबाई आमच्या. :)

हातगाडीचा किस्सा आजवर कधी ऐकला नव्हता. जिंकल्यावर दार फोडणारे लोक पाहिल्यावर हरले असते तर काय केलं असतं, असा प्रश्न पडला.

चिंचगूळ

अमेरिकेत तर हे बरंच आधी होतं ना? बॉस्टनजवळचं वेलस्ली कॉलेज, तळ्यात मुलींच्या बोटी, असं काहीतरी अंधुक वाचलंय.

नदीकाठची

हो. वेलस्ली १८७५ मध्ये सुरू झालं आणि संस्थापक हेन्री ड्युरंट यांनी पहिल्यापासूनच वाबन तळ्यात मुलींसाठी बोटी ठेवल्या. मुलींना मोकळी हवा मिळावी, अंगात ताकद यावी, हा हेतू. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज रोइंगची सुरुवात तिथूनच मोजतात.

पण तिथेही तेच! सुरुवातीच्या त्या बोटी म्हणजे जड, रुंद, मजेत फिरायच्या. बोटीवर घेताना मुलीचा गळा कसा आहे हे बघायचे, कारण पाण्यात जाऊन गायचं असायचं. दंडात जोर किती, हे कोणी विचारत नव्हतं. 'फ्लोट नाइट' नावाचा त्यांचा सोहळा असायचा: संध्याकाळी कंदील लावलेल्या बोटी तळ्यात येणार, एकमेकींना लागून रचना करणार, गाणी म्हणणार, काठावर ही गर्दी. विरोधी नाही, कौतुकाची. म्हणजे तीच मुलगी, तीच बोट, तेच पाणी. गाणं म्हणत असली तर टाळ्या, शर्यत लावली तर कपाळाला आठ्या.

१८९० च्या दशकात तिथे ल्युसिल ईटन हिल नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख होत्या. त्यांनी रोइंगला खऱ्या अर्थाने व्यायामाचं स्वरूप दिलं. हिवाळ्यात जिममध्ये यंत्रावर सराव, मग तळ्यात वर्गावर्गांचे संघ. पण दुसऱ्या कॉलेजांशी शर्यत? नाव नको. वर्गांमधली चुरसही वल्हवण्याच्या ढबीवर ठरायची. इंग्लंड आणि अमेरिका एकमेकांना न विचारता एकाच उत्तरावर आले होते.

(ह्याच वेलस्लीने २०१६ मध्ये एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ह्या वेळी घड्याळावर.)

मुळाकाठ

ही फ्लोट नाइट वाचून मला लगेच पुण्याच्या सीओईपी ह्या इंजिनिअरिंग कॉलेजचं रेगाटा (होड्यांचा सोहळा) आठवलं. १९२८ पासूनचं आहे ते, म्हणजे ऑक्सफर्डच्या त्या 'शर्यती'नंतर एकाच वर्षाने. मुळेच्या पात्रात संध्याकाळी होड्यांच्या रचना, मशाली, काठावर पायऱ्यांवर अख्खं शिवाजीनगर लोटलेलं. देखणं असतं, वादच नाही. पण त्यात आणि शर्यतीत फरक आहे. रचना करताना शेजारच्या बोटीशी जुळवून घ्यायचं असतं, शर्यतीत तिला मागे टाकायचं. आमच्या वेळी रचनेला मुली हव्याच असायच्या. स्पर्धेला जायची वेळ आली की मात्र "बोट एकच आहे, मुलांना लागेल" हे ठरलेलं. कुठलं कॉलेज ते विचारू नका, उत्तर सगळीकडे सारखंच मिळायचं.

सातासमुद्रापार

अमेरिकेचा पुढचा भाग मी लिहितो. मुलगी इथे विद्यापीठाच्या संघात वल्हवते, त्यामुळे नाइलाजाने तज्ज्ञ झालोय.

१९७२ ला 'टायटल नाइन' आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेद करता येणार नाही, असा कायदा. कागदावर सगळं झकास. येल विद्यापीठाने मुलींना पदवीपूर्व वर्गात घ्यायला सुरुवात केली होती १९६९ पासून. मुलींचा रोइंग संघही झाला. सराव हाउसाटॉनिक नदीवर, डर्बी नावाच्या गावात, कॅम्पसपासून लांब. तिथल्या बोटहाऊसमध्ये गरम पाण्याचे शॉवर होते, पण मुलांसाठी. सराव संपला की मुलं आत जाऊन अंघोळ करणार, आणि मुली घामाने नि नदीच्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांत बसमध्ये त्यांची वाट बघत बसणार. कनेक्टिकटमधला हिवाळा म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. केसांतलं पाणी गोठतं.

अर्ज झाले, विनंत्या झाल्या, तात्पुरत्या शॉवरचा ट्रेलर येणार येणार म्हणून वायदे झाले. शेवटी ३ मार्च १९७६ ला कर्णधार क्रिस अर्न्स्ट आणि तिच्यासकट १९ जणी क्रीडा विभागातल्या संबंधित अधिकारी बाईंच्या कार्यालयात गेल्या. सोबत विद्यार्थी-पत्रकार आणि छायाचित्रकार. आत जाऊन त्यांनी सगळ्यांनी अंगावरचे ट्रॅकसूट उतरवले. छातीवर आणि पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं: टायटल नाइन. अर्न्स्टने निवेदन वाचून दाखवलं. येल ज्या शरीरांचं शोषण करतंय ती हीच, अशा आशयाची त्याची सुरुवात होती. वाचून झालं, कपडे घातले, निघाल्या. बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि इतके महिने न हललेली यंत्रणा हलली.

त्याच उन्हाळ्यात मॉन्ट्रियलला बायकांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, आणि अर्न्स्ट त्यात अमेरिकेकडून उतरली.

मास्तरीणबाई, तुमच्या काळात दार फोडलं, इथे बंद दारामागे शॉवर. (तुमच्या काळात म्हणजे तुम्ही सांगितलेल्या काळात, गैरसमज नसावा.)

मास्तरीण

गैरसमज नाही, पण वय काढल्याची नोंद घेतली आहे.

आडवा फाटा

@सातासमुद्रापार, हे भारी आहे. पण मग आज अमेरिकेत मुलींच्या रोइंगचा इतका बोलबाला कसा? ते शॉवरमुळे तर झालं नसेल.

सातासमुद्रापार

त्याचं खरं उत्तर फुटबॉल आहे, अमेरिकी फुटबॉल. हसू नका.

मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात शंभरेक मुलं असतात आणि पूर्ण शिष्यवृत्त्या ८५ पर्यंत देता यायच्या. टायटल नाइन पाळायचा तर मुलींच्या बाजूला तेवढी माणसं नि तेवढा पैसा दाखवायला हवा. एकाच फटक्यात साठ-सत्तर मुली मावतील असा खेळ कोणता? रोइंग. एका 'एट' बोटीत आठ जणी आणि कॉक्स (सुकाणू धरणारी), अशा तीन-चार बोटी, शिवाय नवशिक्या. म्हणून नव्वदच्या दशकात विद्यापीठांनी धडाधड मुलींचे संघ काढले आणि १९९७ पासून एनसीएएने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. मुलांच्या रोइंगला आजही एनसीएएची स्पर्धा नाही! ते आपलं त्यांचं त्यांचं वेगळं चालवतात.

आमची कन्या तशीच आत आली. आयुष्यात कधी वल्हं धरलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात कोणीतरी टेबल लावून बसलेलं, उंची बघून हाक मारली. आता तळहाताला घट्टे पडलेत, आणि पहाटे पाचला उठते. शाळेत असताना सातला उठवायला तिच्या आईचा घसा बसायचा.

चिंचगूळ

"उंची बघून हाक मारली" हे लग्नाच्या बाजारासारखं झालं की!

मुळाकाठ

नदीकाठची यांनी अंतराचा उल्लेख केलाय, त्यावर थोडं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बायकांना अनेक वर्षं १००० मीटरच वल्हवू द्यायचे, पुरुषांना २०००. १९५४ च्या युरोपियन स्पर्धेपासून १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंत हेच. १९८५ पासून बायकांनाही २००० झालं. कारण काय, तर नाजूक तब्येत.

ज्याने दोन्ही अंतरं वल्हवली आहेत त्याला विचारा. २००० मध्ये मधला टप्पा असतो, तिथे श्वास लावता येतो, डाव आखता येतो. १००० म्हणजे सुटल्यापासून शेवटपर्यंत नुसती मारामारी, फुप्फुसं बाहेर येतात. नाजूक म्हणून जी शर्यत दिली ती ताकदवान, दणकट बायकांच्याच सोयीची होती, आणि दमसासाच्या मुली मागे पडत होत्या. १९२७ चा अर्धा मैल म्हणजे तर त्याहून कमी, ८०० मीटर.

नदीकाठची

अगदी. आणि त्या हिशोबाने २०१५ ची उडी किती मोठी होती बघा. हेन्लीच्या सरळ २००० मीटरवरून एकदम पटनी ते मॉर्टलेक, ६.८ किलोमीटर. भरतीचा प्रवाह, वळणं, वारा, पुलांखालचं खवळलेलं पाणी. ११ एप्रिलला झाली, ऑक्सफर्ड बोटीच्या साडेसहा लांबींनी जिंकलं. त्यांच्या बोटीत अमेरिकेची ऑलिंपिक सुवर्णविजेती कॅरिन डेव्हिस होती, त्यामुळे तशी एकतर्फीच. त्यामागे पैसाही होता, हे विसरायला नको. न्यूटन ह्या गुंतवणूक कंपनीच्या प्रमुख हेलेना मॉरिसी यांनी प्रायोजकत्व देताना समान वागणुकीचा आग्रह धरला. त्याआधी मुली बराचसा खर्च स्वतःच्या खिशातून करत होत्या.

पुढच्याच वर्षी केंब्रिजची बोट वाऱ्यात पाण्याने इतकी भरली की जवळजवळ बुडाली. पंचांनी बाजूला व्हायची खूण केली, तरी पोरींनी ती तशीच शेवटपर्यंत नेली. आता काठावरचे लोक ओरडत होते ते त्यांच्या बाजूने.

गोदाकाठ

एक अडाणी प्रश्न. बोटीत मागे बसून ओरडणारा जो असतो, तो वल्हवत नाही ना? मग तिथे मुलगी बसवायला काय हरकत होती? मुलांच्या बोटीतसुद्धा?

मुळाकाठ

अडाणी अजिबात नाही. तो कॉक्स. सुकाणू त्याच्या हातात, लय तो सांगतो, आणि वजन जितकं कमी तितकं बरं. म्हणजे व्यवहाराने बघितलं तर मुलगी पहिल्यापासून चालायला हवी होती. प्रत्यक्षात ऑक्सफर्डच्या मुलांच्या बोटीत सू ब्राउन बसली ती १९८१ मध्ये, बोट रेसमधली पहिली स्त्री. वर्तमानपत्रांनी रेसपेक्षा तिच्यावरच जास्त लिहिलं. ऑक्सफर्ड आठ लांबींनी जिंकलं. पुढच्या वर्षी तिलाच परत घेतलं, परत जिंकले.

गोदाकाठ

म्हणजे आठ धटिंगणांना ती हुकूम सोडणार आणि ते पाठमोरे बसून ऐकणार?

मुळाकाठ

पाठमोरे नाही हो. वल्हवणारे उलटे बसतात, त्यांची पाठ शेवटच्या रेषेकडे. कॉक्सकडे तोंड करूनच बसावं लागतं. पुढे काय आहे ते फक्त तिला दिसतं.